शून्य क्राऊनचा रोलर: मग अनंत आहे की नाही?

सातपूरचा_टर्नर

नमस्कार मंडळी. सातपूरला सीएनसी लेथवर आहे, प्रोग्रामही मीच लिहितो. शिक्षण आयटीआय, त्यामुळे गणित कामापुरतंच. प्रश्नही कामातूनच आलाय.

आमच्याकडे रोलर येतात, त्यातले काही मधोमध जरा फुगीर लागतात. त्या फुगवट्याला क्राऊन म्हणतात. ड्रॉइंगवर लांबी आणि क्राऊनची उंची असते, रेडियस आपण काढायचा. लांबीचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा अर्धा. २०० मिमी लांबीला ०.५ मिमी क्राऊन असेल तर रेडियस १०,०००.२५ मिमी, म्हणजे दहा मीटर. ०.०५ ला शंभर मीटर. ०.००५ ला कागदावर एक किलोमीटर निघतो. हे सगळं मॅक्रोत टाकलंय, ऑपरेटरने फक्त दोन आकडे भरायचे.

मध्यंतरी सरळ रोलरचा जॉब आला. पोराने क्राऊन ० भरला आणि मशीनने शून्याने भागाकाराचा अलार्म देऊन काम थांबवलं. आता अट घातलीय: उंची ० असेल तर जी०२, जी०३ (गोलाईच्या आज्ञा) च्या भानगडीत न पडता जी०१ ने सरळ रेषा मार. जॉब चालू आहेत.

हे घरी भाच्याला सांगितलं, तो बारावी सायन्सला आहे. त्याने लॅपटॉप काढला. जावास्क्रिप्टमध्ये १ भागिले ० केलं तर उत्तर ‘इन्फिनिटी’. पायथनमध्ये तेच केलं तर एरर. त्याचा कॅल्क्युलेटर म्हणतो ‘मॅथ एरर’. आणि क्लासचे सर म्हणतात, इन्फिनिटी ही संख्या नाही, संकल्पना आहे, पेपरात उत्तर म्हणून लिहायची नाही. मग स्क्रीनवर ती उत्तर म्हणून कशी येते? सरळ रोलर माझ्या हातात आहे, त्याचा रेडियस मी काय लिहू? गणितात अनंत आहे का नाही, एका शब्दात सांगा.

ओझर_रिटायर्ड

नाही.

एका शब्दात विचारलंत म्हणून. आता फुकटचा सल्ला: २०० मिमीवर एक किलोमीटर रेडियस म्हणजे मध्ये पाच मायक्रॉनचा फुगवटा. आणखी दोन शून्यं घाला, तुमचा मायक्रोमीटर त्याला सरळच म्हणणार. उंची ०.००००१ भरली असती तरी इन्स्पेक्शनने जॉब पास केला असता. माझी सगळी नोकरी टॉलरन्समध्ये गेली, अनंताची गरज कधी पडली नाही.

सातपूरचा_टर्नर

साहेब, तसं केलं तर रेडियस पाचशे किलोमीटर येतो. एवढा आकडा आमचा कंट्रोल ‘आर’ मध्ये घेतच नाही, दुसरा अलार्म देतो.

म्हसरूळ_पायथा

गजपंथाच्या डोंगराखाली राहतो, लहानपणापासून महाराजांची प्रवचनं कानावर आहेत, म्हणून एक भर. जैन आगमांत मोजणीचे तीन वर्ग केलेत: संख्यात, असंख्यात आणि अनंत. संख्यातचे तीन प्रकार, असंख्यातचे नऊ, अनंताचे नऊ, एकूण एकवीस. संख्यातची कमाल किती हे सांगायला जंबूद्वीपाएवढा, म्हणजे एक लाख योजनं व्यासाचा खड्डा मोहरीने भरतात, आणि तिथून पुढे आणखी खड्डे. एवढं करूनही आपण मोजता येण्याजोग्यातच असतो. अनंत मोठा आहे हे सगळेच म्हणतात, अनंत एकाहून जास्त प्रकारचे असतात हे मला त्यात विशेष वाटतं.

देवळालीच्या_बाई

टर्नरदादा, एका शब्दात भागणार नाही. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं, आता निवृत्त आहे, पाल्हाळ लावायला मोकळी.

भाच्याच्या सरांचं ते वाक्य मी वर्गात कधी उच्चारलं नाही. ‘संख्या नाही, संकल्पना आहे’ म्हणे! मग ७ कुठे ठेवलाय तो दाखवा. उणे ३ दाखवा. सगळ्या संकल्पनाच आहेत की. आधी विचारायला हवं की कुठल्या संख्यापद्धतीबद्दल बोलतोय. पूर्णांकांमध्ये अर्धा नाही, म्हणून अर्धा जगातच नाही असं कोणी म्हणत नाही. शाळेत वापरतो त्या वास्तव संख्यांमध्ये अनंत नावाची संख्या नाही, हे पक्कं. तिथे ‘एन अनंताकडे जातो’ ही फक्त बोलायची रीत, आणि थोर गणिती गाउसने १८३१ मध्ये शूमाखर या मित्राला पत्र लिहून हे चांगलं सुनावलं होतं. पण वास्तव संख्यांच्या बाहेर अनंत असलेल्या पद्धती आहेत, एक नव्हे, बऱ्याच. प्रत्येकीत त्याचं वागणं निराळं. सारखेपणा एवढाच की अनंताला आत घ्यायचं तर एखादा ओळखीचा नियम बाहेर काढावा लागतो. कुठला काढायचा, यावरून पद्धत ठरते.

तुमचा रोलरच घ्या. फुगवट्याची उंची धन, खोलगटाची ऋण धरा. उंची शून्याकडे आणत गेलात की रेडियस दहा मीटर, शंभर मीटर, किलोमीटर असा वाढतो. खोलगट बाजूने आलात की उणे दहा, उणे शंभर, उणे किलोमीटर. आणि दोन्ही वाटा त्याच एका सरळ रोलरपाशी मिळतात. म्हणजे तुमच्या शॉपमध्ये धन अनंत आणि ऋण अनंत वेगळे नाहीत, एकच आहेत. संख्यारेषेची दोन्ही टोकं अशी एका बिंदूत जोडली की तिला प्रक्षेपी रेषा म्हणतात, आणि तिथे १ भागिले ० बरोबर अनंत हे बिनधास्त लिहायचं. बदल्यात लहान-मोठं गेलं. जो बिंदू धन बाजूने गाठता येतो आणि ऋण बाजूनेही, तो ५ पेक्षा मोठा की लहान? विचारायचंच नाही. अनंत वजा अनंत किती, हेही विचारायचं नाही.

आणखी एक गंमत करून बघा. रेडियसऐवजी त्याचा व्यस्त, म्हणजे वक्रता काढा: उंचीची आठपट भागिले (लांबीचा वर्ग अधिक उंचीच्या वर्गाची चौपट). यात उंची ० टाकली की उत्तर ०, अलार्म नाही. रोलर तोच, अनंत गेला. तुम्ही निवडलेल्या मापामुळे तो आला होता. मशीनला ‘आर’च लागतो म्हणून तुमची अट योग्यच आहे, ती काढू नका. भिंगं बनवणारे मात्र सपाट बाजूच्या ड्रॉइंगवर रेडियसच्या जागी खुशाल आडवा आठ, म्हणजे अनंताची खूण, काढतात.

आता लॅपटॉप. कॉम्प्युटरने अपूर्णांकांची आकडेमोड कशी करायची याचं १९८५ चं मानक आहे, आयईईई ७५४. त्यात धन अनंत वेगळा, ऋण अनंत वेगळा, आणि शून्यंही दोन. भाच्याला १ भागिले उणे ० करायला सांगा, उणे इन्फिनिटी येईल. मग इन्फिनिटीतून इन्फिनिटी वजा करायला सांगा. ‘नॅन’ येईल, म्हणजे हे संख्याच नाही. आणि हा नॅन स्वतःशी ताडून पाहिला तर समान नाही असं उत्तर येतं! ‘कुठलीही गोष्ट स्वतःइतकी असते’ हा नियम त्यांनी सोडला. मला तो फार मोठा सौदा वाटतो, पण विमानं उडतायत, त्यामुळे मी गप्प. पायथनवाल्यांकडे हेच मानक आहे, फक्त शून्याने भागलं की थांबायचं असं त्यांनी ठरवलं. अनंत त्यातही आहे, मुद्दाम मागावा लागतो. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमांत बरोबर आहेत.

भास्कराचार्यांचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं, एरवी पहिल्या उत्तरात निघतं. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा. तर ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही. प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी जीव येतात-जातात तरी अच्युत जसा बदलत नाही, तसं. त्याआधी ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं देऊन टाकलं होतं, त्यामानाने ही झेप मोठी. पण ‘लीलावती’ या ग्रंथात भास्कराचार्यांचं एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचाच अर्धा मिळवा, तीनने गुणा, शून्याने भागा, ६३ येतात, संख्या कोणती? उत्तर १४. इथे वरचं शून्य आणि खालचं शून्य उडवलंय. आता खहर कशानेही बदलत नाही हेही म्हणायचं आणि शून्याला शून्याने उडवायचंही, तर ३ भागिले ० आणि ४ भागिले ० सारखे धरून ३ बरोबर ४ निघेल. दोन्ही नियम एका घरात नांदत नाहीत. यावरून भास्कराचार्यांना लिमिट ठाऊक होतं असं काही जण रेटून सांगतात, मला ते पटत नाही. प्रश्न त्यांनी बरोबर जागी धरला होता, हे मात्र शंभर टक्के.

म्हसरूळकर, तुमचा मुद्दा मोलाचा. अनंत लहान-मोठे असू शकतात ही जाण आगमांत आहे. दोन अनंत संच सारखे की नाहीत हे जोड्या लावून ठरवण्याची कसोटी मात्र कँटर या गणितीने कामाला लावली. १८७४ मध्ये त्याने दाखवलं की १, २, ३ यांची जोडी सगळ्या वास्तव संख्यांशी लागत नाही, काही ना काही उरतंच. पुढे १८९१ मध्ये त्याने कर्णाचा युक्तिवाद दिला, तो बारावीच्या मुलाला अर्ध्या तासात समजतो. क्रोनेकर हा त्या काळचा बडा गणिती मात्र त्याच्या कल्पनांच्या विरोधात होता.

कँटरचे क्रमवाचक अनंत मला जास्त आवडतात. त्र्यंबकेश्वराला दर्शनाची रांग आहे आणि ती संपतच नाही असं समजा. अशा रांगेच्या क्रमाला ओमेगा म्हणतात. पुढे एक माणूस घुसला: प्रत्येकाचा नंबर एकाने सरकला, रांग होती तशीच. पण एकजण म्हणाला, मी घुसत नाही, सगळ्यांच्या नंतर उभा राहतो. आता या रांगेला शेवटचा माणूस आहे, आधीच्या रांगेला नव्हता. म्हणजे १ अधिक ओमेगा म्हणजे ओमेगाच, पण ओमेगा अधिक १ त्याहून मोठा. मिळवायचा क्रम बदलला की उत्तर बदललं. इथे हा नियम गेला.

कुठलाही नियम सोडायचा नसेल तर? रॉबिन्सन या गणितीने १९६० च्या सुमारास अतिवास्तव संख्या उभ्या केल्या. तिथे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार सगळं शाळेसारखं. मात्र ‘तो’ अनंत असा एक नाही. एच हा अनंत असेल तर एच अधिक १ त्याहून मोठा, एचचा वर्ग त्याहून कितीतरी मोठा, आणि १ भागिले एच म्हणजे शून्याहून मोठी पण कुठल्याही अपूर्णांकाहून लहान संख्या. लायब्निट्झ ज्यांच्यावर कॅल्क्युलस करत होता त्या अतिसूक्ष्म राशींना इथे कायदेशीर जागा मिळाली. गमावलं ते वरून दिसत नाही: वरून बांधलेल्या प्रत्येक संचाला सर्वांत लहान वरची मर्यादा असते, हा वास्तव संख्यांचा कणा तिथे मोडतो. आणि एवढं करून १ भागिले ० तिथेही नाहीच! कॉनवे या गणितीने बांधलेल्या संख्यांमध्ये तर कँटरचा ओमेगा आहे, ओमेगा वजा १ आहे, ओमेगाचा अर्धाही आहे, आणि बेरीज कुठूनही करा.

उंटवाडी_९७

बाई, वाचायला मजा आली, पण तुम्ही मूळ प्रश्नाला बगल दिलीत. या सगळ्या पद्धती ‘सर्व नैसर्गिक संख्यांचा संच’ आधी धरून बांधल्यात. तो संच आहे हे कोणी सिद्ध केलंय? संचांचे नियम मांडताना झेर्मेलोने १९०८ मध्ये ते चक्क गृहीतक म्हणून लिहिलं. म्हणजे ‘अनंत आहे’ असं मानलं म्हणून अनंत आहे.

झाइलबर्गरसारखे आजचे गणिती उघड म्हणतात की अनंत नाहीच. येसेनिन-व्होल्पिन तर त्याही पुढे. हार्वी फ्रीडमन या गणितीने येसेनिन-व्होल्पिनना विचारलं होतं की २ चा पहिला घात आहे का, दुसरा आहे का, असं करत १०० व्या घातापर्यंत कुठे थांबायचं? पहिल्याला लगेच ‘हो’. दुसऱ्याला किंचित थांबून ‘हो’. तिसऱ्याला आणखी थांबून. फ्रीडमनच्या लक्षात आलं की ते नेहमी ‘हो’च म्हणणार, पण २ च्या १०० व्या घाताला २ च्या १०० व्या घाताइतका वेळ घेऊन. ती संख्या ३१ अंकी आहे. ओझरचे काका याच पंथातले निघाले.

ओझर_रिटायर्ड

पंथ वगैरे काही नाही. मी फक्त मोजता येत नाही ते मोजत नाही.

देवळालीच्या_बाई

उंटवाडी, बगल दिली हे मान्य नाही, पण गृहीतकाचा मुद्दा खरा आहे आणि मी तो लपवणार नाही. हिल्बर्ट या बड्या गणितीनेही १९२५ च्या व्याख्यानात सांगितलं होतं की निसर्गात अनंत कुठे सापडत नाही. त्याचा बेत असा होता की अनंत वापरून विसंगती येत नाही हे सांत, म्हणजे अनंत न वापरणाऱ्या, मार्गाने सिद्ध करायचं, म्हणजे तोंडं बंद. १९३१ मध्ये गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने दाखवलं की त्या बेताप्रमाणे ते जमणार नाही. तेव्हा तोंडं अजून उघडी आहेत, तुमच्यासकट.

पण सांत आणि अनंत यांतला फरक बघायला आपल्याच देवळालीत या. कापरेकर मास्तरांनी १९३० ते १९६२ इथल्या शाळेत शिकवलं. त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत आहे: चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता वजा करा, परत तेच करा. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच. हे तपासायला अनंत लागत नाही. ९,९९० आकडे आहेत, चिकाटी असेल तर वहीत होतं, भाच्याच्या लॅपटॉपवर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच.

त्यांचंच दुसरं काम बघा. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या तयार होते: १५ पासून २१. पण २० अशी कशापासूनच तयार होत नाही. ९ नाही, ९७ नाही. या स्वयंभू संख्या, बाहेर त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. त्या संपतात का? इथे वही चालणार नाही, कितीही तपासल्या तरी पुढच्या उरतात. पण एक नियम आहे: ९ पासून ८० + ९ + ८ = ९७, मग ८०० + ९७ + ८ = ९०५, मग ८,००० + ९०५ + ८ = ८,९१३, आणि या रीतीने येणारी प्रत्येक संख्या स्वयंभूच असते. तुम्ही कितीही मोठी हद्द आखा, मी तिच्या पलीकडची काढून देते. यात ‘सगळ्या स्वयंभू संख्या’ असं गाठोडं मी कुठे बांधलं? नाही बांधलं. एवढ्यापुरता अॅरिस्टॉटलचा न संपणारा अनंत पुरतो, आणि तोही नाकारायचा तर माझी रीत कितव्या पायरीला थांबते ते तुम्ही सांगा. मी वाट बघीन, येसेनिन-व्होल्पिनइतकी नाही.

गाठोडं लागतं ते कँटरच्या प्रमेयाला. वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांहून जास्त आहेत हे म्हणायचं तर सगळ्या एकदम समोर आहेत असं धरावंच लागतं. मी धरते. ते न धरताही पुष्कळसं विश्लेषण, म्हणजे कॅल्क्युलसचं पक्कं गणित, उभं करता येतं, लोकांनी केलंयही, पण साध्या साध्या प्रमेयांना इतकी वळणं पडतात की त्या वाटेने बारावीचा अभ्यासक्रम मार्चच्या आत संपायचा नाही.

उंटवाडी_९७

कितवी पायरी ते सांगता येत नाही, हाच तर आमच्या पंथाचा वांधा आहे. पण गाठोडं ‘मी धरते’ हे तुम्ही लिहिलंत, माझं काम झालं.

सातपूरचा_टर्नर

बाई, सेकंड शिफ्टनंतर दोनदा वाचलं. वक्रतेचं सूत्र मॅक्रोत वेगळं टाकून पाहिलं, ० ला खरंच अलार्म नाही. भाच्याने नॅन केला, आता घरात कोणालाही नॅन म्हणतो.

त्याचा एक प्रश्न आहे. आकडे उजवीकडे न संपणारे चालतात, ०.३३३३ सारखे. मग डावीकडे का नको? …९९९९, डावीकडे नऊच नऊ. हा अनंतच झाला ना?

देवळालीच्या_बाई

भाच्याला शाबासकी द्या, हा प्रश्न हेन्सेल या गणितीच्या वाटेवरचा आहे, १८९७ ची गोष्ट. त्यात १ मिळवायला सांगा. ९ आणि १ दहा, शून्य लिहिलं, हातचा एक. पुढे परत दहा, परत शून्य. हातचा डावीकडे जातच राहतो आणि मागे सगळी शून्यं. १ मिळवल्यावर ० येतं ती संख्या कोणती? उणे १. अनंत वाटणारा आकडा उणे एक निघाला. लॅपटॉपही हेच करतो, फक्त दोनच्या पायावर आणि ठरावीक जागांत: आठ बिटांत आठही १ असले की ते उणे १ असतं.

या पद्धतीत लांबी वेगळी मोजतात. जी संख्या दहाच्या जितक्या मोठ्या घाताने भागली जाते तितकी ती शून्याच्या जवळ. म्हणून दहा लाख हे इथे दहापेक्षा लहान, आणि डावीकडे कितीही अंक आले तरी संख्या हाताबाहेर जात नाही.

पण दहाच्या पायात एक खोट आहे. भाच्याला ५ पासून वर्ग करत जायला सांगा: २५, ६२५, ३,९०,६२५, मग १,५२,५८,७८,९०,६२५. शेवटचे अंक डावीकडे एकेक पक्के होत जातात, …८९०६२५. असं करत पूर्ण होणाऱ्या संख्येचा वर्ग तीच संख्या. ती ० नाही, १ नाही. म्हणजे ती गुणिले (ती वजा १) बरोबर ०, आणि दोन्हींपैकी एकही ० नाही! ‘गुणाकार शून्य तर दोहोंपैकी एक शून्य’ हा नियम इथे गेला, आणि त्याच्यामागोमाग भागाकारही. कारण १० म्हणजे २ गुणिले ५. पाया मूळ संख्या घेतला तर ही खोट राहत नाही, म्हणून गणिती २, ३, ५, ७ असेच पाये घेतात आणि तिथे शून्य सोडून कशानेही भागता येतं, फक्त कधीकधी उत्तरात उजवीकडे दोन-चार अंक जास्तीचे येतात. आता सातच्या पायावर …६६६६ मध्ये १ मिळवायला लावा, आणि नंतर त्याच पायावर अर्धा कसा लिहायचा ते त्याचं त्यालाच शोधू दे.